आई आली, लिचीच्या वासाने

ए थांबा, असं मधूनच नाय सांगणार मी. आधी बाटलीचं सांगते, मग हळदीचं, नायतर तुम्ही नुसत्या हसाल आणि कळणार कोणालाच काही नाय.

तर ती माझी सेंटची गुलाबी बाटली. शिळफाट्याच्या दुकानातनं घेतलेली, आपल्याला परवडेल अशी. खोक्यावर फळं-फुलं काढलेली आणि नाव फ्रेंचमध्ये. ते त्या दुकानदारालाही वाचता येत नव्हतं, तो म्हणाला, "ताई, लेडीज आहे, गोड आहे, घेऊन टाका." रिया, तूच म्हणालेलीस ना, असली स्वस्तातली बाटली घरातनं स्टँडवर पोचेपर्यंत उडून जाते? चूक. साफ चूक. मी वापरलीय, मी सांगते. मारल्या मारल्या लिची येते. लिची म्हणजे अशी, की ज्यूसवाल्याने अख्खा ग्लास अंगावर सांडलाय. तेवढा वेळ कोणाच्या जवळ जायचं नाय, लांब उभं राहायचं. मग लिची खाली बसते आणि मोगरा वर येतो, त्याच्या मागनं थोडा गुलाब. आणि तो खरंच चांगला हाय, खोटं कशाला बोलू, ताज्या गजऱ्यासारखा. हातावरचा दुपारपर्यंत संपतो. पण कपड्यावर, त्यातनं सुती कपड्यावर, तो मरतच नाय. नुसता झोपतो. अंग तापलं, घाम आला, की उठून बसतो परत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मारणाऱ्याला स्वतःला थोड्या वेळाने काही येईनासं होतं. नाक सरावतं. म्हणून मी सगळ्यांना सांगते, दोन फुसके, जास्त नाय.

हे लक्षात ठेवा. आता गौराआत्या.

गौराआत्या म्हणजे बाबांची चुलत बहीण, पोशीरलाच, आमच्या गावात, मागच्या आळीत. एरवी ती नेरळच्या बाजारात सुकट, बोंबील, जवळा विकते. आणि लग्नसराईत ती धवलारीन. रिया, तुमच्यात नसते ना? आमच्यात लग्न लागतं तेव्हा भटजी नंतर, आधी धवलारीन. ती धवले गाते. म्हणजे गाण्यातनं एकेका देवाला, एकेका मेलेल्या आजोबा-पणजोबाला नाव घेऊन मांडवात बोलावते. तिने हाक मारल्याशिवाय नवऱ्याला हळद लागत नाय. म्हणजे लागत नव्हती. आता डीजे असतो.

आणि गौराआत्या काही गरीब गाय नाय हां. कानात एवढाले सोन्याचे डूल, बाजारात घासाघीस करणाऱ्याला म्हणते, "घ्यायची नसंल तर वास घेऊन जा, वास फुकट हाय." तिला स्वतःला मात्र कसलाच वास येत नाय. करोनात गेला तो परत आलाच नाय. ती म्हणते, धंद्याला बरंच झालं.

तर गजाकाकाच्या नीलेशचं लग्न निघालं. गजाकाका म्हणजे गावातलं मोठं घर, रस्त्याकडची जमीन फार्महाऊसवाल्यांना दिली तेव्हापासून आणखीच मोठं. हळद गावात, दारात मांडव घालून, आणि लग्न दुसऱ्या दिवशी खोपोलीला, एसी हॉलमध्ये, कारण नवरी तिकडची. हळदीच्या दिवशी सकाळी सकाळी हिरूकाकी, म्हणजे गजाकाकाची बायको, नवऱ्याची आई, आमच्या दारात. मी दात घासतेय.

"भाविका, बाय, एक काम कर ना. गौराबायला सांग ना तू. तुझ्यावर माया हाय तिची."

"काय सांगू काकी?"

"अगं, वास येतो गं तिला! सुकटीचा. परवा मुहूर्ताचं दळण काढलं, ती आली, माझ्या बहिणीची मुलगी डोंबिवलीवरनं आलेली, ती तोंडाला रुमाल लावून बसली. आता हळदीचं एक वेळ उघड्यावर हाय, चालून जाईल. पन उद्या हॉल. एसी लावला की दारं बंद करतात गं. वास आतच फिरनार. नवरीकडची मानसं काय म्हनतील?"

"मग काय, तिला बोलवायचंच नाय?"

"तसं नाय. आज हळदीला बघते मी. वास नाय आला तर उद्या गाडीत घेऊन जाऊ. आला तर तिनं आपलं गावातच र्‍हावं. डीजे हाय की, त्या डीजेवाल्या साईनाथकडं धवल्याची रेकॉर्डिंग पन हाय म्हने."

रेकॉर्डिंग! देवाला रेकॉर्डिंगवरनं बोलावणार, म्हणजे देव पण लाइक करून पुढे जाईल ना.

पण गंमत सोडा. गौराआत्यासाठी ही साधी गोष्ट नव्हती. गजाकाकाच्या लग्नात तिनेच गायलेलं, तेव्हा ती नवीन होती, सासूच्या मागे बसून शिकलेली. त्या घरातलं एक लग्न तिच्याशिवाय झालं नाय. आणि आमच्याकडे असं हाय, मोठ्या घराने जे सोडलं ते गाव सोडतं. गजाकाकाने हॉलवर धवलारीन नेली नाय, की पुढच्या सगळ्या लग्नांत कोणी नेणार नाय. मग ती नुसती सुकटवाली. बास.

मी गेले. ती अंगणात टोपल्या भरत होती. मी म्हटलं फिरवून फिरवून सांगू, पण तिच्यासमोर फिरवता येत नाय.

"आत्या, हिरूकाकी म्हणते तुला वास येतो."

"मला? मला कुठं येतो वास? करोनापासनं नाय येत."

"तसा नाय गं. तुझा येतो. लोकांना. सुकटीचा."

"मंग कसला येनार? सुकट इकते मी, गुलाब इकते काय?" असं म्हणाली आणि टोपलीतला जवळा थापटायला लागली. मी उद्याचं, हॉलचं, रेकॉर्डिंगचं सगळं सांगून टाकलं. रेकॉर्डिंग ऐकल्यावर हात थांबला तिचा. मग तोंडातली मिश्री बाजूला थुंकली आणि म्हणाली, "तुज्याकडं ती फुसफुस हाय ना गुलाबी? आन जा."

दुपारी तिने बेसन लावून आंघोळ केली, मग लिंबू चोळलं, मग शिकेकाईने केस धुतले. मी म्हटलं आता कडधान्य सोडून सगळं लावून झालंय, आता बाटली. मी तिला नीट शिकवलं हां. एक मानेवर, एक मनगटावर, चोळायचं नाय. तिने लगेच मनगटं एकमेकांवर घासली, चपाती लाटल्यासारखी.

"आला?"

"आला."

"मला नाय आला."

"तुला येणारच नाय ना आत्या!"

"तू लहान हायस, तुला काय कळतंय," असं म्हणून बाटली घेतली माझ्या हातातनं.

आणि पोरींनो, खरं सांगते, पहिला वास भयानक होता. म्हणजे लिचीच्या सरबतात बोंबील सोडलाय. मी दोन पावलं मागे सरकले. पण मी म्हटलं ना, लिची बसू दे, मग मोगरा. मी तिला बोलले, "आता बास हां, हात लावू नको," आणि घरी गेले तयार व्हायला. ती चूक. बाटली तिच्याकडेच राहिली.

संध्याकाळी तिला घ्यायला गेले तर ती दारात उभी, हिरवं सुती लुगडं नेसून, अंबाड्यात अबोली, झ्याक दिसत होती. आणि बाटलीत तळाला नखभर उरलेलं. लुगड्यावर, चोळीवर, अंबाड्यावर, कानामागे, पदराच्या आतल्या बाजूने. तिला येईना म्हणून ती मारतच गेली. मी नाक जवळ नेलं. आणि काय सांगू, लिची गेली होती. लांबून काहीच येत नव्हतं, पण जवळ गेलं की मोगऱ्याचा मळा. सुकटीचा पत्ताच नाय.

मांडवात पोचलो. बाहेर साईनाथने डीजे लावलेला, कपाटाएवढे बॉक्स, सगळी पोरंपोरी तिकडे. छातीत धडधडायचं. आत मांडवात नीलेश पाटावर बसलेला, समोर हळदीची ताटं, चारी बाजूंनी आयाबाया, आणि गौराआत्या त्याच्या बाजूला. तिच्या पाठीमागे मांडववाल्याचा तो पिंपाएवढा पंखा, पण बंद, कारण समया विझत होत्या. हिरूकाकी मुद्दाम येऊन वाकली. नारळ ठेवायचं निमित्त, पण मी बघितलं ना, नाक असं फुगवलेलं. आणि तिच्या तोंडावर एकदम काहीतरी झालं. सुकट शोधत होती, सापडेना. परत एकदा हुंगलं. मग तशीच मागे जाऊन बसली, गोंधळलेली.

आता तुम्ही विचाराल, हिला कळलं कसं नाय की आत्याने सेंट मारलाय? अगं, कसं कळेल? गौराआत्या आणि सेंट? माणूस आधी देवावर विश्वास ठेवेल.

आत्याने गायला सुरुवात केली. पण बाहेर डीजे. तिचे ओठ हलतायत एवढंच दिसत होतं. गजाकाका बाहेर जाऊन एकदा ओरडून आला, "साईनाथ, जरा कमी कर रं!" साईनाथने थोडं कमी केलं आणि मग लाइटिंग फिरवायचं ते मशीन पण चालू केलं, आणि पटकन, ठप्प. सगळं बंद. फ्यूज गेला. डीजे बंद, माळा बंद, सगळा अंधार, नुसत्या समया.

आणि त्या शांततेत तिचा आवाज.

मी लहानपणापासून ऐकलाय, पण इतकी वर्षं कुठल्या ना कुठल्या बॉक्सच्या मागनंच ऐकला होता. तो काही गोड आवाज नाय हां. खरखरीत हाय, बाजारात ओरडून ओरडून झालेला. पण ती एकेक नाव घेत होती. गजाकाकाच्या आजोबांचं घेतलं, आजीचं घेतलं, विहिरीत पडून गेलेल्या चुलत्याचं घेतलं, आणि बायका गप्प झाल्या. बाहेर नाचणारी पोरं पण मांडवाच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. ती गाऊन गाऊन तापलेली, मांडवात वारा नाय, घाम कपाळावरनं खाली चाललेला. मी तेव्हा विचारच केला नाय. करायला पाहिजे होता. अंग तापलं, घाम आला, सुती लुगडं!

ती आली गावदेवीवर. हात वर केला आणि हाक मारली, "ये गं आई, मांडवदारी ये..." आणि बाहेर वायरमनने फ्यूज बसवला.

लाइट आली. पंखा, ज्याचं बटण कोणीतरी अंधारात उकडतंय म्हणून दाबून ठेवलेलं, तो तिच्या पाठीमागनं घर्र करून सुरू झाला. आणि अख्ख्या मांडवात मोगरा. साधा नाय. पहिल्या ओळीपासनं शेवटच्या खुर्चीपर्यंत मोगऱ्याची लाट आली, त्यात गुलाब, आणि कुठेतरी लांब एक लिची.

मग धाऊआजी, जिला डोळ्यांनी दिसत नाय, ती ओरडली, "फुलं! फुलं कुठं हायत? आई आली! आई आली बायांनो!"

आणि हिरूकाकी ताडकन उठली. अंबाडा सुटला, डोळे वर, अंग असं घुमायला लागलं. "हूं... हूं..." करत. दोघी-तिघींनी धरलं. कोणी कुंकू आणलं, कोणी लिंबू. गजाकाका, जो एरवी तलाठी आला तरी उठून उभा राहत नाय, तो हात जोडून गुडघ्यावर. मी तिथे उभी, तोंडात ओढणी कोंबून, कारण मला कळलं होतं की आमच्या हिरूकाकीच्या अंगात माझी शिळफाट्याची बाटली आलीय.

आमच्याकडे कोणाच्या अंगात आलं की विचारायचं काम धवलारनीचं. ती बोलावते, तीच बोलते. गौराआत्या उठली. एकदम गंभीर.

"कोन आलंय? बोल."

"हूं... मी... गावची..."

"बरं झालं आलीस. काय चुकलं आमचं?"

"गज्यानं..." हिरूकाकी दात आवळून म्हणाली, "गज्यानं बोकड बोलला व्हता. जमीन इकली तवा. कोंबडीवर भागवलं!"

सगळ्या बायका गजाकाकाकडे. गजाकाका जमिनीकडे.

"देतो आई, देतो, लगीन झालं की लगेच देतो."

"आनि गज्या... रात्री ढाब्यावर बसतो... बायकोला सांगतो मीटिंग हाय..."

"आई, हे देवीचं नाय वाटत," गजाकाका हळूच म्हणाला.

"गप रं!" आत्या म्हणाली. "तिला बोलू दे." मग तिने एक पाऊल पुढे टाकलं आणि खरंच मनापासून विचारलं, बघा, त्यात काही डाव नव्हता तिचा. "आई, उद्या लगीन खोपोलीला हाय. तिकडं येशील?"

"येईन."

"कोनाच्या हाकंला येशील?"

हिरूकाकीचं घुमणं एकदम हळू झालं. म्हणजे तुम्ही बघायला पाहिजे होतं. देवी विचारात पडली. अख्खा मांडव तिच्या तोंडाकडे बघतोय. रेकॉर्डिंगच्या हाकेला येईन, असं तर देवीला म्हणता येत नाय ना!

"...तुज्या," ती म्हणाली आणि धपकन खाली बसली.

झालं. गजाकाकाने तिथल्या तिथे सांगितलं, उद्या पहिल्या गाडीत गौराबाय. साईनाथने परत डीजे लावलाच नाय, घाबरला. मला वाटलं जिंकलो. मी नाचत घरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तयार होऊन आत्याकडे, तर ती रोजच्या जुन्या लुगड्यात टोपल्यांपाशी बसलेली, सुकट निवडत. काल नेसलेलं दोरीवर.

"अगं उठ ना! गाडी येईल!"

"मी नाय जानार."

"काय?"

"तू जा. रेकॉर्डिंग लावा म्हनावं."

मी तिच्या समोर बसले. ती वर बघेना. मग म्हणाली, "सगळ्यास्नी वास आला. धाऊला आला, त्या डोंबिवलीच्या पोरीला आला, मांडववाल्याला आला. मला नाय आला." सुकटीतला एक खडा काढून फेकला. "एवढी वरसं मी हाक मारते, भाविका. आली कदी, नाय आली कदी, मला काय म्हाईत? मी आपली हाक मारते. आनि काल खरीच आली, फुलं घेऊन आली, तर सगळ्यांच्या नाकाला गेली आनि माजंच नाक सोडून गेली. मंजे मी कोन? मी नुसती भोंगा. माज्यापेक्षा ती मशीन बरी."

आणि मला रडू यायला लागलं आणि हसू पण, आणि दोन्ही एकदम आलं की कसा आवाज निघतो माहितीय ना, तसा निघाला.

"आत्या, तो वास तुझा होता."

"काय?"

"तुझ्या लुगड्याचा. बाटलीचा! तू बाटली संपवलीस, पंखा तुझ्या मागे होता, तो सुरू झाला आणि सगळा वास लोकांवर. देवी-बिवी काही नाय, फ्रूटी फ्लोरल होतं ते!"

मला वाटलं आता मारते. मग तिच्या खांद्यापासून हसू सुरू झालं, आवाजच नाय, नुसतं हलणं, आणि मग असा आवाज निघाला की शेजारची कोंबडी उडाली. "मंजे... मंजे हिरी... बाटलीवर घुमली? आनि बोकड... गज्या आता बोकड देनार?" डोळे पुसत, परत हसत. मग एकदम उठली. "चल."

"कुठे?"

"गज्याकडं. सांगून येते. खोट्यावर नाय जायची मी हॉलला. न्यायचं तर माज्या गान्यासाठी न्या, नायतर र्‍हाऊ दे."

मी म्हटलं आत्या, वेडी झालीस का, नको सांगू, कोणाला कळलेलं नाय! पण ती दोरीवरचं हिरवं लुगडं काखेत मारून निघाली पण. मी मागे धावत.

गजाकाकाच्या दारात गाड्या लागलेल्या, हिरूकाकी शालू नेसून, केस वगैरे पार्लरचे. आणि सकाळपासनं बायका तिच्या पाया पडत होत्या. खरंच. काल देवी आलेली ना! आलेल्या पाहुण्यांतली एक बाई तर स्वतःच्या पोराची दहावी विचारत होती तिला.

आत्याने सगळ्यांसमोर लुगडं पुढे केलं. "हिरी, हुंग."

"काय गं हे, गौराबाय?"

"हुंग तर."

हिरूकाकीने हुंगलं. सुती कपडा, अख्खी रात्र गेलेली, तरी मोगरा जागच्या जागी. मी बघत होते तिच्याकडे. पहिल्या श्वासाला कळलं तिला. डोळे मोठे झाले, मग माझ्याकडे आले, मग माझ्या हातातल्या पर्सकडे, जिच्यात एरवी ती बाटली असते. तिला सगळं कळलं.

"वास ह्याचा व्हता," आत्या म्हणाली. "सेंट मारलेला मी. तुला सुकट येती म्हनून. देवी नवती. आता सांग, न्यायचं काय नाय?"

गजाकाका म्हणाला, "सेंट?" त्याचा चेहरा असा उजळला, बोकड वाचला म्हणून! "मंजे देवी आलीच नवती?"

आणि हिरूकाकीने इकडे तिकडे बघितलं. सगळ्या बायका थांबल्या होत्या. ती पाया पडणारी पण. आता विचार करा ना, तिने हो म्हटलं तर? तर काल अख्ख्या गावासमोर केस सोडून कोण घुमलं? ढाब्याचं कोणी काढलं? आणि बाटलीने घुमली म्हणजे काय, हे लोक पुढची वीस वर्षं कसं सांगतील?

"सेंट कसला!" ती ओरडलीच. "मला काय सेंट कळत नाय? मी काय बाटली लावून घुमले काय? आई आली व्हती!"

"अगं, लुगड्याला अजून येतोय वास..."

"येनारच! आई बसली ना त्या लुगड्यात! काल हाक मारली तवा तुज्या पदरातच येऊन बसली, मंग तिकडनं माज्या अंगात आली. वास र्‍हातो मागं!" आणि बायकांकडे वळून, "हात लावा गं लुगड्याला."

लावला हो बायकांनी. डोळ्यांना लावला.

गजाकाका म्हणाला, "पन गौराबाय सोता सांगते की..."

"तिला काय कळतंय! तिला वासच येत नाय!" हिरूकाकीने असा डोळा वटारला की गजाकाकाचा बोकड परत दारात येऊन उभा राहिला. "बसा गाडीत. गौराबाय, पुढं बस. तेच लुगडं नेस."

"ते पिवळं झालंय हळदीनं," आत्या म्हणाली. "मी ह्याच्यातच येनार." म्हणजे सुकट निवडायच्या लुगड्यात.

हिरूकाकीने एक श्वास घेतला आणि धरून ठेवला. "ये," ती नाकातनं म्हणाली.

खोपोलीचा हॉल. एसी, दारं बंद, सगळीकडे नकली फुलं. आत्या स्टेजवर मधोमध. आणि एसी कसा असतो, थंड हवा खाली सोडतो आणि सगळ्यांच्या अंगावरनं फिरवतो. पहिल्या ओळीत नवरीकडची माणसं. मी बघितलं, नवरीच्या आईचं नाक हललं. तिच्या नणंदेने पर्समधनं रुमाल काढला. तेवढ्यात हिरूकाकी उठली, पुढे आली, अशी लांब हुंगली, छाती भरून, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "आला! येतोय ना वास? फुलांचा?"

नवरीकडची एक म्हातारी काहीतरी म्हणायला गेली. पण कालची गोष्ट तोपर्यंत खोपोलीला पोचलेली ना, व्हिडिओसकट. देवीचा वास मला आला नाय असं कोण म्हणणार, ते पण लग्नात? नवरीच्या आईने परत हुंगलं. डोळ्यात पाणी आलं तिच्या, कशाने ते मी सांगत नाय. "हो हो," ती म्हणाली. "केवढा गोड." रुमालवाल्या नणंदेने रुमाल हळूच खाली घेतला. "मोगराच," ती म्हणाली. मग सगळी ओळ. सुकटीच्या वासात बसून सगळे माना हलवतायत, मोगरा, मोगरा.

आणि आत्या गायली. कोणी कमी कर म्हटलं नाय, कोणी आटप म्हटलं नाय, भटजी घड्याळ बघायला लागले तर हिरूकाकीने त्यांना पण हुंगायला लावलं. ती सगळी नावं तिने घेतली, नवरीकडची पण विचारून विचारून घेतली, आणि नवरीच्या आईच्या वडलांचं नाव आलं तेव्हा ती बाई खरीच रडली, त्यात सुकटीचा काही संबंध नव्हता. जेवताना दोघींनी येऊन आत्याचा नंबर घेतला, एकीचं लग्न मे महिन्यात, तेही हॉलमध्येच.

येताना आम्ही टेंपोत मागे, मी आणि ती, जेवणाच्या भांड्यांबरोबर. ती पाय पसरून बसलेली, खूश. मधेच म्हणाली, "भाविका, कसा व्हता गं तो वास? नीट सांग ना."

मी म्हटलं, आता वास न येणाऱ्या बाईला काय सांगू? पण मी प्रयत्न केला. म्हटलं, आत्या, सुरुवातीला लिची येते, म्हणजे ताडगोळा कसा गार आणि पाणीदार असतो, त्यात साखर घातलेली. मग मोगरा, म्हणजे नवीन सून पहिल्यांदा घरात येते आणि सगळे गप्प होतात ना, तसा. मागनं गुलाब, तो जास्त बोलत नाय. आणि सगळ्यात शेवटी, दुसऱ्या दिवशी, एक गोड काहीतरी उरतं, चुलीवर दूध आटवलं की घरभर राहतं तसं.

तिने मन लावून ऐकलं. मान डोलावली.

"एवढ्या जनी व्हत्या व्हय त्या बाटलीत?" ती म्हणाली. "मंग हिरीच्या अंगात एकटीच कशी आली गं?"